बाई, पैसे परत करू नका, पावतीपुस्तक करा

या आठवड्याचं पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपतं करून देते.

“मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात एकतीस वर्षं शिकवलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या सात वर्षांच्या नातीच्या हृदयाला छिद्र आहे. पुण्याच्या रुग्णालयानं ऑपरेशनचा खर्च तीन लाख वीस हजार सांगितला. मी मुलीचा फोटो, रुग्णालयाचं पत्र आणि माझा मोबाइल नंबर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत २१२ जणांनी मिळून १,३७,४०० रुपये माझ्या खात्यात पाठवले. कुणी अकरा रुपये, कुणी पाच हजार. मग तो मेसेज कुठल्या कुठे गेला. रात्री बारालाही अनोळखी फोन येतात. एक जण म्हणाला, ‘पन्नास हजार देतो, आलेली रिक्वेस्ट उघडून पिन टाका.’ मी फोन ठेवून दिला. पण माझ्याच एका विद्यार्थ्यानं ग्रुपवर विचारलं, ‘बाई, हिशेब कुठे बघायला मिळेल?’ त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. यजमान म्हणतात, सगळ्यांचे पैसे परत कर आणि मोकळी हो. परवा मावशी आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, ‘बाई, तो फोटो काढून टाकता येतो का?’ शिवाय दुबईचा एक आणि अमेरिकेतला एक विद्यार्थी पैसे पाठवायचं म्हणताहेत. मी काय करू?”

बाई,

तुमचे विद्यार्थी तुम्हाला बाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

पैसे परत करू नका. २१२ माणसांनी ते एका मुलीसाठी दिलेत आणि मुलीचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. मात्र आज संध्याकाळपासून तुमच्या नंबरवर एकही रुपया येऊ देऊ नका. तुमचा फोन माणसं जोडायला वापरा, हिशेब सांगायला वापरा. पैसा थेट रुग्णालयाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. एवढं एक केलंत तर तुमच्या पत्रातल्या बऱ्याच काळज्या मिटतील.

आता आधी त्या मुलीचं बोलू, कारण घाई तिची आहे.

तुम्ही शाळेत असताना वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन यायचं, मुलांचे डोळे, दात, छाती तपासून जायचं. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. २०१३ पासून चालू असलेला हा कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि जन्मजात हृदयविकार हा त्यातला एक प्रमुख आजार. त्याखाली निवडलेल्या मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. मावशींना कुणी हे सांगितलं होतं का? बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. खासगी रुग्णालयात खर्चाचा कागद हातात पडतो, घरचे हबकतात, आणि कुणीतरी म्हणतं, “बाईंना सांगू, त्या ग्रुपवर टाकतील.”

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली तीच ही. आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि २०२३ च्या निर्णयानंतर पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशन कार्ड असलेलेही त्यात आले. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात मदतीच्या खिडकीवर ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. तिथे जाऊन विचारायचं: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि ही शस्त्रक्रिया यादीत आहे का? नसेल तर जवळचं कुठलं आहे? फोनवरून विचारायचं झालं तर १५५३८८ हा योजनेचा नंबर आहे. ध्यानात ठेवा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. आधी पैसे भरून मग “योजनेत बसवा” म्हणून गेलात, तर हात हलवत परत यावं लागतं.

तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टनं चालवलेल्या ज्या मोठ्या रुग्णालयांना गरीब रुग्णांसाठीची धर्मादाय योजना लागू आहे, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवून दिलेली ही योजना आहे. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांचं पत्र आणि खर्चाचा अंदाज, एवढी कागदं एका पिशवीत घालून न्या. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे. मुंबईचा सिद्धिविनायक न्यासही वैद्यकीय मदत देतो.

मी हे सगळं पैशांच्या आधी का सांगते? कारण उद्या असंही निघेल की ऑपरेशन योजनेत बसतं आणि लागणारा पैसा फक्त पुण्यात राहण्याचा, एसटीचा, नंतरच्या तपासण्यांचा आणि मुलीच्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा आहे. तसं असेल तर तुमच्याकडे जमलेले १,३७,४०० पुरून उरतील, आणि आणखी एक रुपयाही मागावा लागणार नाही. मदतीचा मेसेज टाकण्याआधी या तीन दारांवर थाप मारायची, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या हातून क्रम उलटा झाला. फार दिवस झालेले नाहीत, अजून सुलटा करता येईल.

आता तुमच्या खात्यातल्या पैशांचं.

तुमचा विद्यार्थी हिशेब विचारतो म्हणून तुम्हाला लागलं. एकतीस वर्षं ज्या गावात शिकवलं तिथल्या मुलानं विचारावं, हे लागणारच. पण बाई, तुम्हीच त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली ना? गणपतीच्या वर्गणीला पोरं घरी येतात तेव्हा आपण अकरा रुपये दिले तरी पावती मागतो. पावतीपुस्तकात नाव येतं, रक्कम येते, स्थळप्रत मंडळाकडे राहते. त्यात अविश्वास दाखवला असं कुणाला वाटत नाही. फोनवरच्या वर्गणीला ते पुस्तकच नसतं. पैसे देणाऱ्याच्या हाती ‘पेमेंट सक्सेसफुल’ एवढं येतं. पुढे ते पैसे कुठे गेले, मुलीचं काय झालं, हे त्याला कधी कळत नाही. त्या मुलानं पावती मागितली आहे. त्याला हाताशी घ्या. त्याला सांगा, “बाळ, हा हिशेब आपण दोघं मिळून लिहू.” माझा अंदाज आहे की तो आनंदानं बसेल.

बँकेतून त्या तारखांचं खातेउताऱ्याचं पान काढा. वहीत चार रकाने आखा: तारीख, देणाऱ्याचं नाव, रक्कम, व्यवहार क्रमांक. ग्रुपवर टाकताना पूर्ण नावं टाकू नका, आद्याक्षरं आणि रक्कम पुरे. अकरा रुपये देणाऱ्याला पाच हजारांच्या ओळीखाली आपलं नाव बघून संकोच वाटू नये, आणि पाच हजार देणाऱ्याच्या दाराशी उद्या दुसरे दहा जण उभे राहू नयेत. मग रुग्णालय ठरलं की त्यांच्या अधिकृत खात्यात, मुलीच्या नावानं आणि नोंदणी क्रमांकानं, बँकेतूनच रक्कम भरा. रोख काढून देऊ नका. मावशींच्या हातातही एकरकमी देऊ नका. त्यांच्यावर विश्वास आहेच, पण एवढी रक्कम घरात आली की गावातले सावकार आणि लांबचे नातेवाईक दोन्ही दारात येतात. प्रवासाला, औषधाला लागतील तसे द्या आणि प्रत्येक वेळी वहीत त्यांची सही घ्या.

वही नीट ठेवायला अजून एक कारण आहे. आयकराच्या नियमाप्रमाणे, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांहून जास्त रक्कम विनामोबदला एखाद्याच्या खात्यात आली, तर ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. तुमच्याकडे त्याच्या जवळजवळ तिप्पट आली आहे. ती तुमची नव्हती, मुलीसाठी आली आणि मुलीसाठी गेली, हे दाखवायला मेसेजची प्रत, उतारा आणि रुग्णालयाच्या पावत्या लागतील. गावातल्या किंवा तालुक्याच्या सनदी लेखापालाला एकदा कागद दाखवून ठेवा. देणाऱ्यांनाही सांगून टाका की या पैशांवर ८०जी कलमाची करसवलत मिळणार नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि दोन हजारांहून जास्त रोख दिली असेल तर तिथेही नाही.

आणि ही गोष्ट तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा, कारण त्यांचा जीव ज्यासाठी वरखाली होतोय ते खोटं नाही. तुमचं निवृत्तिवेतन त्याच खात्यात येतं का? मेसेज अनोळखी लोकांत फिरतोय. त्यातल्या कुणी पाठवलेला पैसा उद्या फसवणुकीतला निघाला, तर तपासात तो ज्या ज्या खात्यांतून गेला तिथले व्यवहार रोखले जाऊ शकतात. मग मुलीचे पैसेही अडकू शकतात आणि तुमचं निवृत्तिवेतनही. म्हणून तो यूपीआय आयडी अ‍ॅपमधून काढून टाका. जमत नसेल तर बँकेत जाऊन करून घ्या. “ताई, चुकून पाच हजार जास्त गेले, या नंबरवर परत पाठवा” असा फोन आला तर परस्पर काहीही पाठवू नका. “बँकेत अर्ज करा” एवढंच सांगा.

पिन मागणाऱ्याचा फोन ठेवलात, ते फार बरं केलंत. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. हे मावशींच्या घरीही सांगा, कारण रुग्णालयाच्या पत्रावर त्यांचा नंबर असेल तर तिकडेही असे फोन जातील. कुणी फसलंच, तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

तुम्हाला कदाचित अजून न जाणवलेला एक धोका आहे. तुमच्या मेसेजमधला फोटो आणि पत्र तसंच ठेवून खालचा नंबर कुणीही बदलू शकतो. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला, त्याचा यूपीआय पत्ता इंग्रजीत ‘पीएमकेअर्स’ असा होता. दोन दिवसांत शेवटचं एक अक्षर गाळून केलेला खोटा पत्ता देशभर फिरू लागला. पंतप्रधानांच्या नावाच्या निधीचं हे होतं, तर आपल्या मेसेजचं काय? म्हणून क्यूआर कोडचं चित्र फिरवायचं असेल तर त्याखाली शब्दांत लिहायचं: “स्कॅन केल्यावर स्क्रीनवर अमुक रुग्णालयाचं नाव दिसलं तरच पैसे पाठवा.”

आणि तारीख. बाई, तुमच्या मेसेजवर तारीख आहे का?

माझी एक चूक सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आमच्या गल्लीतून आम्ही चादरी, कोरडा शिधा आणि पैसे गोळा केले. मेसेज मीच लिहिला होता. मनापासून लिहिला होता, म्हणूनच तो खूप फिरला. त्यात तारीख लिहायचं राहून गेलं. शेवटचा ट्रक गेला, आमचं काम संपलं, पण मेसेज संपला नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं आणि माझेच शब्द मला एका अनोळखी ग्रुपवर भेटले. ‘सांगली’ काढून ‘चिपळूण’ घातलेलं, खाली दुसऱ्याच कुणाचा नंबर. तो नंबर खरा होता की खोटा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यावर कुणी किती पैसे पाठवले असतील, या विचारानं अजूनही जीव कासावीस होतो. तेव्हापासून मी पहिल्या ओळीत तारीख लिहिते, किती रक्कम हवी ते लिहिते, आणि कोणत्या दिवशी हे बंद होणार ते लिहिते. रक्कम पुरी झाली की त्याच सगळ्या ग्रुपांवर “पूर्ण झालं, आता पाठवू नका” असा दुसरा मेसेज.

आता मावशींचं. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी तीनदा वाचलं. “तो फोटो काढून टाकता येतो का?”

खाटेवरची, नाकात नळी असलेली मुलगी दाखवली की लोकांचे हात खिशाकडे लवकर जातात, हे खरं आहे. पण ही मुलगी बरी होणार आहे. ती चौथीत जाईल, दहावीला बसेल, एखाद्या दिवशी लग्नाचं बोलणं निघेल. तेव्हा गावातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये तो फोटो असेल, आणि “हीच ना ती, जिच्यासाठी वर्गणी काढली होती?” असं कुणीतरी म्हणेल. मावशींनी तुम्हाला नाही म्हटलं नसतं, कारण तुम्ही बाई आहात आणि त्या शाळेत खिचडी शिजवतात. ज्याला मदत हवी असते तो नाही म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपण आधी विचार करायचा असतो. मुलीच्या आई-वडिलांना विचारलं होतं का? मुलीला विचारलं होतं का? सात वर्षांच्या पोरीला आपला कुठला फोटो दाखवावा आणि कुठला नाही, हे चांगलं कळतं.

तुमच्या ग्रुपवरचा मेसेज काढून टाका. जिथे जिथे पुढे गेलाय तिथल्या लोकांना फोटो काढून टाकण्याची विनंती करा. सगळीकडून तो जाणार नाही, हे मावशींना खरं खरं सांगा आणि त्यांची माफी मागा. शब्द साधे ठेवा: “माझं चुकलं, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.” रुग्णालयाच्या पत्राचाही फोटो फिरतोय, त्यावर मुलीचं पूर्ण नाव, पत्ता, आजार सगळं आहे. पुढच्या वेळी पत्र तुमच्याकडे ठेवा आणि “ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी फोन करावा, मी पत्र दाखवीन” असं लिहा. पैसे थोडे कमी जमतील कदाचित. तुमच्या नावावर गावात जे जमतं ते फोटोशिवायही जमतं, असं मला वाटतं. २१२ माणसांतल्या कितीजणांनी फोटो बघून दिले आणि कितीजणांनी “बाई सांगताहेत” म्हणून दिले?

परदेशातल्या दोघांचं थोडक्यात. दुबईतल्या मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. त्यानं ते थेट रुग्णालयात भरावेत. अमेरिकेतल्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर कायद्यानं तो परकीय स्रोत होतो, मग तो तुमच्या पहिल्या बाकावर बसलेला का असेना. त्याचे पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका. परकीय देणगी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेला त्याला देऊ द्या, किंवा त्याला सांगा की तू पैसे ठेव आणि पुण्यात राहणाऱ्या तुझ्या भावाला ऑपरेशनच्या दिवशी रक्त द्यायला आणि मावशींजवळ बसायला पाठव. गावाकडच्या माणसाला पुण्याच्या रुग्णालयात पैशाइतकीच, कोणत्या मजल्यावर जायचं हे सांगणाऱ्या माणसाची गरज असते.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की काही विद्यार्थी “बाई, आपण कायमचाच निधी काढू” म्हणताहेत. कल्पना चांगली आहे, पण ती एका फोन नंबरावर चालवू नका. मंडळंसुद्धा गणपतीच्या वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची ४१सीची परवानगी घेतात आणि नंतर हिशेब देतात. कायमचं करायचं तर न्यास नोंदवा, तीन सह्यांचं खाते उघडा. नाहीतर चांगली चाललेली एखादी संस्था शोधा आणि तिच्यासाठी फोन करा. जानेवारी २०१० मध्ये हैतीला भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी एकेक एसएमएस पाठवून प्रत्येकी दहा डॉलर दिले आणि त्यातून तिकडच्या रेडक्रॉसकडे तीन कोटी डॉलरांहून जास्त जमले. दहा डॉलर फोनच्या बिलात लागायचे आणि संस्थेकडे जायचे. मधे कुणा एका माणसाचं खातं नव्हतं. तुमचे अकरा रुपयेवाले विद्यार्थी त्याच जातीचे आहेत. त्यांना असा सरळ रस्ता करून द्या.

एक अवघड गोष्ट राहिली, ती लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवी. पैसे उरले तर, किंवा देव न करो, त्यांचा मुलीला उपयोग होऊ शकला नाही तर काय करायचं, हे आजच ठरवून मेसेजमध्ये लिहा. नंतर त्या घरात कुणी बोलण्याच्या स्थितीत नसतं, आणि बाहेर मात्र सगळे बोलत असतात.

ग्रुपवर टाकायला मजकूर देते. तारीख आणि तुमच्या गोष्टी भरून घ्या.

“दिनांक … . नमस्कार. आपल्या शाळेतल्या मावशींच्या नातीसाठी २१२ जणांनी १,३७,४०० रुपये दिले. सर्वांचे मनापासून आभार. आजपासून माझ्या नंबरवर पैसे पाठवू नयेत. सरकारी योजनेतून ऑपरेशन होतं का याची चौकशी चालू आहे, ती कळवीन. जमलेली रक्कम थेट रुग्णालयात भरली जाईल आणि पावती इथे दिसेल. प्रवास, औषधं आणि तपासण्या यांचा खर्चही याच रकमेतून होईल. काही उरलं तर ते त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या गरजू मुलासाठी दिलं जाईल. हे कुणाला मान्य नसेल तर मला कळवावं, त्यांचे पैसे आले त्याच खात्यात परत करीन. मुलीचा फोटो आणि रुग्णालयाचं पत्र कृपया आपल्या फोनमधून काढून टाकावं, पुढे पाठवू नये. हिशेबाची वही माझ्या घरी आहे, कधीही येऊन पाहावी.”

हा मजकूर टाकण्याआधी मावशींना घरी बोलवा, चहा करा आणि सावकाश वाचून दाखवा. त्यांनी एखादा शब्द काढायला सांगितला, तर काढा.